कोंबांची भाजी

बांबूचं बेट मारायला कुऱ्हाड उपयोगाची नसते. तोडाल तेवढं ते पुन्हा येतं. हल्ली पर्यावरणावरच्या भाषणांत हेच कौतुकाने सांगतात, तेव्हा मी मान खाली घालून बसतो. बेट कसं मरतं ते मला माहीत आहे.

डोंबिवलीच्या खाडीकडच्या आमच्या गावात घरामागे असं बेट होतं. माझी आत्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतली, तेव्हा आजोबांनी चार लोकांसमोर सांगितलं, बेट आहे तोवर ही जागा हिची. ती त्यावरच जगली. दरवर्षी जून झालेले बांबू तेवढे काढायची. खाडीत जाळी लावणारे आणि इमारतींना परांची बांधणारे दारात येऊन न्यायचे. लहानपणी मी एकदा कोंब मोडला तर तिने हातावर फटका मारला.

"जुना तोडायचा. कोंब गेलं का बेट गेला."

नव्वदनंतर जागेला बिल्डर आला. आजोबा नव्हते, पण त्यांचा शब्द होता, आणि वडिलांना नि काकांना गावात तोंड दाखवायचं होतं. वाट मी काढली. म्हणालो, "बेटातले वास्ते खाऊ या, कोवळे कोंब. कोंबांची भाजी खाल्ली म्हणून कोण काय बोलणार?"

दोन पावसाळे मी रोज सकाळी कोयता घेऊन बेटात शिरलो. वर आलेला प्रत्येक कोंब कापून आत्यापुढेच टाकायचो, कारण स्वयंपाक तीच करायची.

"दोन तरी ठेव रं," ती एकदा म्हणाली.

काका जेवता जेवता म्हणाले, "तुझ्या हाताला चव हाय बाय, आम्ही काय करणार?" सगळे हसले. मीही हसलो आणि ताट पुढे केलं.

दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी तिने स्वतःच एक कोंब आणून माझ्यापुढे ठेवला.

"पाल्याखाली झाकलेला. तुला घावला नसता."

"मग आणलास कशाला?"

"रोज शोधतोस. पाय भिजतात तुझं."

मी तो चिरून दिला.

पुढच्या वर्षी जून बांबूही संपले. ती विठ्ठलवाडीला दिराकडे निघाली, तेव्हा शेजारी जमले. काकांनी तिची ट्रंक रिक्षात ठेवत सगळ्यांना सांगितलं, "बेट आपोआप वाळला, काय करणार?"

शेजाऱ्यांनी आत्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे बघत होकारार्थी मान हलवली.