नागपूरच्या मे महिन्यात तिला थंडी वाजायची

डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट पाहिला, वंदनाच्या गळ्यावरून बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "हायपोथायरॉइडिझम आहे. यांची थायरॉइड ग्रंथी सुस्त पडली आहे." बायकोला आजार निघाला आणि मला चक्क बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? आजार आहे म्हणजे औषध असेल, औषध असेल तर माझी बायको परत येईल, एवढंच डोक्यात आलं.

तशी ती कुठे गेली नव्हती. मनीषनगरच्या आमच्या फ्लॅटमध्येच होती, माझ्यासमोर, शाल पांघरून. तीही मे महिन्यात! मी बाहेरून भाजून यायचो, कूलर लावायचो, आणि ती गुपचूप उठून बंद करायची. "थंडी वाजून राहिली जी," म्हणायची आणि परत आडवी व्हायची.

वंदना मुळात कशी होती ते सांगितल्याशिवाय माझं दुःख कळणार नाही. डोळा उघडला की तिचं तोंड सुरू. भाजीवाल्यानं कोथिंबीर कशी शिळी दिली, समोरच्यांनी गाडी कशी आडवी लावली, माझी कॉलर, माझे दोस्त, माझं चालणं, काही म्हणून सुटायचं नाही. मी हात जोडायचो, "चूप बस वं थोडा वेळ." आणि मग ती खरंच चूप बसली. एका दिवसात नाही, हळूहळू. आवाज घोगरा झाला, चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला, कंगव्यात केसांचे पुंजके यायचे. बसल्या जागी डोळा लागायचा. नातेवाईक म्हणाले, वय झालं. मीही मान डोलावली.

एकदा मी मुद्दाम ओला टॉवेल गादीवर टाकला. पूर्वी यावरून दुपारपर्यंत माझा उद्धार झाला असता. तिनं टॉवेल उचलला, बाल्कनीत वाळत घातला आणि येऊन झोपली. मला इतकं भरून आलं की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो. पुण्यात शिकणारी आमची मुलगी त्याच आठवड्यात फोनवर म्हणाली, "बाबा, आईचा आवाज असा जड काहून झाला? रक्त तपासा." तेव्हा कुठे आम्ही हललो.

मी शाळेत मास्तर, त्यामुळे डॉक्टरांनी समजावलेलं माझ्या डोक्यात असं बसलं. अंतःस्रावी ग्रंथी रक्तात हार्मोन सोडतात. हार्मोन म्हणजे निरोप. मेंदूखाली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी आहे, ती हेडमास्तर. थायरॉइड, अ‍ॅड्रिनल अशा बऱ्याच ग्रंथींवर तिचा हुकूम चालतो. गळ्यातली थायरॉइड शरीराला सांगते, गरम राहा, जागं राहा, कामाला लाग. तिनं कामचुकारपणा केला की हेडमास्तर ओरडतात, आणि त्या ओरडण्याचं नाव टीएसएच. वंदनाचा टीएसएच कितीतरी वर होता. म्हणजे हेडमास्तर घसा फाडून ओरडत होते आणि वर्ग झोपला होता.

औषध म्हणजे थायरॉक्सिन, शरीरात कमी पडणारं हार्मोनच बाहेरून द्यायचं. "रोज सकाळी, रिकाम्या पोटी, बहुतेक आयुष्यभर," मॅडम म्हणाल्या. वंदनानं मान हलवली.

ही बातमी फुटली आणि सल्ल्यांचा पाऊस पडला. कोणी अश्वगंधा सांगितली, कोणी धन्याचं पाणी, कोणी समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल. भिवापूरच्या माझ्या सासूबाईंनी तर डबाच पाठवला. घरच्या सोयाबीनचं भाजलेलं पीठ, त्यात शेवग्याच्या पानांची पूड. "दुधातून देत जा जावईबापू, पोरीच्या अंगात ताकद येईन." आईचा जीव तो. मी कशाला अडवू?

मग सुरू झाली लॅबची बाकडी. रक्त द्यायचं, काही आठवडे थांबायचं, परत द्यायचं. मॅडम दर वेळी विचारायच्या, "गोळी रिकाम्या पोटीच घेता ना?" वंदना म्हणायची हो. मीही शेजारून हो म्हणायचो. गोळीची ताकद वाढली, परत वाढली, पण टीएसएच म्हणावा तसा उतरेना. बाकड्यावर ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपायची. समोरची एखादी बाई नवऱ्याला झापत असली की मी बघतच राहायचो. त्या माणसाचं नशीब बघा, असं वाटायचं.

एकदा मॅडमनी पेन खाली ठेवलं. "वंदनाताई, उठल्यापासून काय काय करता ते एकेक करून सांगा."

"उठते, तोंड धुते. मंग आईनं पाठवलेली पूड गिलासभर दुधात घालते, त्याच्यासंगच गोळी घेते."

"अहो, रिकाम्या पोटी म्हणालात ना तुम्ही!"

"मंग रिकाम्याच पोटी तर घेऊन राहिली मॅडम. दूध का जेवण असते? उपासालेही चालते ते. आन् अंग्रेजी गोळी गरम पडते, नुसत्या पाण्यासंग घेऊ नको म्हणे आई."

मॅडम खळखळून हसल्या. मलाही तोवर यात काही चुकीचं दिसलं नव्हतं, हे विशेष! आमच्याकडे दुधानं उपास मोडत नाही, मग रिकामं पोट कसं मोडेल?

मॅडमनी नीट सांगितलं. दूध, सोयाबीन, शेवगा, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या हे सगळं थायरॉक्सिनला आतड्यातच अडवू शकतं. गोळी साध्या पाण्यासोबत, चहासुद्धा तासाभरानं, आणि हा दुधाचा गिलास दुपारी चारला. "पूड फेकू नका, प्रथिनं चांगलीच आहेत. पण कोणतीही पूड सुस्त ग्रंथीला जागं करत नाही." शेवाळाच्या कॅप्सूलमधलं जास्तीचं आयोडीन उलट त्रास देऊ शकतं. अश्वगंधेनं हार्मोनची पातळी हलू शकते, केसांच्या गोळ्यांतल्या बायोटिननं रिपोर्टच फसवा येऊ शकतो. "नैसर्गिक असलं तरी मला आधी सांगायचं," त्यांनी बजावलं. तुमच्या घरी कोणाला थायरॉइड असेल तर हे लक्षात ठेवा बाप्पा, आमचे कितीतरी महिने यात गेले.

सासूबाईंना काय सांगायचं, हा वंदनाचा घोर. पोरीचं औषध आपल्याच पुडीनं अडवलं असं कळलं तर म्हातारी अन्न सोडेल. आम्ही फक्त वेळ बदलल्याचं सांगितलं. "चार वाजता देता? चांगलं हाय, तवाच भूक लागते," त्या म्हणाल्या.

त्यानंतरच्या तपासणीत टीएसएच उतरला. वंदना मात्र रिपोर्टसारखी पटकन बदलली नाही. आधी शाल गेली. मग चेहरा तिचा तिचा दिसायला लागला. आवाजाला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि मी रोज कान लावून बसायचो. कधी एखादं लांब वाक्य यायचं आणि परत दिवसभर शांतता. त्या दिवसांत मला तिची जेवढी आठवण आली तेवढी ती माहेरी गेल्यावरही कधी आली नव्हती. माझ्यासारख्या नवऱ्यांनो, घर शांत झालं म्हणून खूश होऊ नका. बोलणारी बाई बोलेनाशी झाली तर तिचं रक्त तपासा.

मॅडमचे उपकार आहेतच. पण मला सांगायची आहे ती परवाची गोष्ट. संध्याकाळी आम्ही बेसा रोडनं पायी फिरत होतो. वंदना नवीन बिल्डिंगांना नावं ठेवत होती, रस्त्याला, महानगरपालिकेला, माझ्या चपलांना. बोलता बोलता मध्येच थांबली.

"एवढे दिवस तुम्हाले करमलं नसन ना जी?"

"नाही करमलं वं," मी म्हणालो.

ती म्हणाली, "तुम्हाले मी तरी होती घरात. मले तर मीच नोती."