वड्याखालचा कागद

कशेळ्याच्या नाक्यावर अंबाबाईच्या तोंडी लागायची कुणाची छाती होत नाही. वडा गार आहे म्हणालात तर म्हणेल, "मंग कढईत हात घाल, गरम लागंल." मी तिथं जीप चालवतो. रोज सकाळी तिचे वडे आणि शिव्या दोन्ही खातो. पण गेल्या महिन्यात ती चिडली, तशी मी तिला कधी पाहिली नव्हती. आणि खरं सांगतो, तिचं काही चुकलं नाही.

तिच्या शेजारची सून, समीक्षा, कळंबकडच्या एका रिसॉर्टात खोल्या झाडायला जायची. तिच्या मोबाइलवर कुणा बाप्याचे फोन यायला लागले. नाव घेऊन बोलायचा, "फोटोत छान दिसतेस" म्हणायचा. सासू म्हणाली, "उद्यापासून कामाला जायचं नाय." समीक्षाने रडत त्यालाच विचारलं, नंबर दिला कुणी? तो हसला. "कशेळ्याला वडा खाल्ला, त्या कागदावर होता."

अंबाबाईला वाचता येत नाही. रद्दी किलोवर घ्यायची, अर्धा कागद फाडायचा, वर वडा ठेवायचा. कागदाकडे बघतंय कोण? समीक्षा सांगून गेली तसा तिने रद्दीचा गठ्ठा सोडला आणि मला हाक मारली, "ये रं, वाच."

वाचायचं काय? चेहरेच होते. आधारच्या झेरॉक्स, प्रत्येकीखाली सही आणि मोबाइल नंबर. रिसॉर्टच्या बागेतला रोहिदास, तिथली भांड्यांवरची सुनंदा, मुंबईचे पाहुणे. आणि मीसुद्धा. पाहुणे सोडायला गेलो होतो तेव्हा गेटवर घेतली होती. माझं डोकंच सणकलं.

अंबाबाईने कढई उतरवली, गठ्ठा काखेत मारला आणि जीपमध्ये जाऊन बसली. "चल."

रिसॉर्टचा मॅनेजर म्हणाला, "मावशी, आधार घ्यायचा नियम आहे."

"घ्यायचा नियम हाय, मंग असा टाकायचा नियम कुनाचा?"

"अहो, साध्या झेरॉक्स त्या. जुन्या झाल्या, रद्दीत गेल्या. एवढं काय त्यात?"

"काय नाय ना? मंग तुजा दे. उद्या वडे बांधते."

तो चटकन मागे सरला. "माझा कशाला? ते पर्सनल असतं."

अंबाबाईने गठ्ठा काखेत घट्ट धरला आणि जीपकडे वळली. शिवी न देता ती निघाली, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. त्याची सगळी कसर मी भरून काढली. त्या शिव्या इथं लिहीत नाही.

परत येऊन तिने गठ्ठा चुलीत घातला. आता वडा पळसाच्या पानावर मिळतो. समीक्षा घरीच बसली आहे. नंबर बदलला, तरी सासू म्हणते, तोंड कसं बदलशील?

परवा त्याच गेटवर माझ्याकडे पुन्हा आधार मागितला. मी पाहुण्यांना रस्त्यावरच उतरवून जीप वळवली. अंबाबाईला बरं वाटेल म्हणून मुद्दाम सांगायला गेलो. ती कढईत झारा फिरवत होती. वर न बघता म्हणाली, "माज्या हातून असे किती कागद गेले असतील रं?"