कुंकवाचे डॉलर

कुरुंद्याच्या सोमेश्वर बोखाऱ्यांना घरच्या हळदीच्या शेतीपेक्षा अमेरिकेच्या जुन्या चांदीच्या डॉलरांचा नाद भारी. एका बाजूला बाईचा मुखडा, दुसरीकडे गरुड, अन् गरुडाखाली नाणं कुठल्या टाकसाळीत पडलं त्याची खूण, एक बारीक अक्षर. एकेका सालाचं नाणं जमवण्यात पंधरा वर्षं गेली. घरात कायदा एकच: नाणं घासायचं न्हाई, पुसायचं न्हाई, घासलं की मोल गेलं.

महालक्ष्म्यांच्या सणाला मंजुषाबाईंनी नवऱ्याची पेटी उघडली आणि एकूण एक नाण्यावरच्या बाईच्या कपाळाला कुंकू लावलं.

"हे काय करून ठेवलं?" सोमेश्वर ओरडले.

"सणाच्या दिवशी घरातल्या बायांना कोऱ्या कपाळानं ठेवायचं व्हय? अन् आता पुसू नका. कायदा तुमचाच हाय."

सोमेश्वरांनी पेटी मिटली. कुंकू तसंच राहिलं.

महिन्याभरानं नांदेडचा एक जाणकार नाणी बघायला आला. भिंगातून त्यानं तो लाल ठिपका बराच वेळ न्याहाळला.

"अमेरिकेतल्या सगळ्या टाकसाळींच्या खुणा मला पाठ आहेत," तो म्हणाला, "पण ही कुठली?"

सोमेश्वरांनी चहा घेऊन आलेल्या बायकोकडं पाहिलं आणि घसा खाकरला.

"कुरुंद्याची. लई दुर्मीळ हाय."