आमचं घर नवनगरात

मालकीणबाईंनी मला घर सोडायला सांगितलं तेव्हा त्या माझ्याच ओट्यापाशी उभ्या राहून माझ्याच हातची भाकरी खात होत्या. बाई वाईट नव्हत्या. सणाला हुग्गीचा, म्हणजे गव्हाच्या खिरीचा, डबा पाठवायच्या, मुलीच्या परीक्षेच्या दिवशी तिच्या हातावर दही घालायच्या. घास गिळला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अक्का, मनी खाली माड्बेक्री." घर खाली करायला हवं. वर म्हणाल्या की भाकरी छान झाली आहे. मी दुसरी वाढली. एवढी मी मूर्ख.

कारण साधं होतं. धारवाडात आमचा भाग म्हणजे स्पर्धा परीक्षांच्या क्लासचा. विजापूर, रायचूर, कोप्पळकडून मुलं येतच असतात. प्रत्येकाला पीएसआय व्हायचं असतं आणि होईपर्यंत झोपायला एक खाट हवी असते. आजूबाजूची घरं एकेक करून पीजी झाली होती. मालकीणबाईंच्या बेंगळुरूच्या मुलानं हिशेब मांडला होता की आमच्या तीन माणसांच्या जागेत दहा खाटा बसतात. त्याच्या जागी आपणही हेच केलं असतं, असं लोक मोठ्या मनानं म्हणतात. माझं मन तेवढं मोठं नाही. मी त्याला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या.

तीन माणसं म्हणजे मी, पीयूसीत, म्हणजे इकडच्या ज्युनियर कॉलेजात, शिकणारी माझी मुलगी आणि माझे सासरे. सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणतात. माझा नवरा बेलूरच्या कारखान्यात होता, कोरोनात गेला. तो गेल्यावर सगळ्यांना वाटलं, म्हातारा आता धाकट्या मुलाकडे जाणार. माझ्या दिराचं नवनगरात दोन मजली घर आहे. अप्पा गेले नाहीत. "नातीचं शिक्षण होऊ दे की," एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून तिला बसस्टॉपवर सोडायला जाऊ लागले. मी एका खानावळीत भाकरी-चपात्या करते. सकाळी जाते ती दुपार कलल्यावर येते. तोवर घर अप्पांच्या ताब्यात. मला त्यांचा आधारही होता आणि वैतागही. भाजीत मीठ कमी पडलं तर तोंडानं बोलायचे नाहीत, फक्त मिठाची बरणी ताटाजवळ ओढून बसायचे. पण मुलगी घरी आली की दारात कुणीतरी उभं असायचं. मला तेवढंच टिकवायचं होतं. घर पत्र्याचं असो, गावाबाहेर असो, तिघं एका छपराखाली असलो म्हणजे झालं.

घरं बघायला लागले तेव्हा आपली बाजारातली किंमत कळली. पहिला प्रश्न, यजमान काय करतात. नाहीत म्हटलं की उघडलेलं कुलूप परत लागायचं. दुसरा प्रश्न अप्पांचा. एका बाईनं त्यांच्याकडे नीट बघून घेतलं, मला जिन्याखाली नेलं आणि हळूच विचारलं, यांना काही दुखणं-बिखणं नाही ना? घरात कुणी वाईट नक्षत्रावर गेलं तर आम्हाला सहा महिने घर बंद ठेवावं लागतं. मी म्हटलं, "काळजी करू नका, त्यांना पंचांग बघून जायला सांगते." ते घर अर्थातच मिळालं नाही. बाकीच्यांना आगाऊ रक्कमच एवढी हवी होती की तेवढी माझ्याजवळ असती तर मी त्यांच्या दारात गेलेच नसते.

सरकारी घराचं मला खानावळीच्या मालकांनी सांगितलं. गावाबाहेर इमारती बांधल्या आहेत, विधवा बायकांना आधी देतात, अर्ज कर. मग कचेरीच्या फेऱ्या सुरू झाल्या. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. त्या दाखल्याच्या झेरॉक्स काढताना दुकानदार किती प्रती म्हणून विचारायचा आणि मला दर वेळी त्याला एक थोबाडीत द्यावीशी वाटायची. पण अर्ज झाला. मालकीणबाईंनाही सांगितलं. त्यांनी मुलाशी भांडून उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत मुदत काढून दिली. कचेरीतल्या माणसानं सांगितलं, घरी पाहणी होईल, आमचा माणूस येऊन दोन-चार प्रश्न विचारेल, मग यादी लागेल.

मी अप्पांना बजावलं, "माणूस आला की आधी मला फोन करा. आणि जे खरं आहे तेच सांगा."

"खरंच सांगणार की," अप्पा चिडले. "मी काय खोटं बोलतो काय?"

तो माणूस नेमका मी खानावळीत असताना आला. अप्पांनी फोन केला नाही. सून कामात आहे, तिला कशाला त्रास, असं त्यांना वाटलं म्हणे. संध्याकाळी मी घरी आले तर म्हातारा खुशीत. लग्नकार्यातला कोट अजून अंगातच होता. कोपऱ्यावरून चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची-भजी मागवली होती, शेजारून चांगल्या कपबश्या आणल्या होत्या. "फार सज्जन माणूस," मला सांगत होते. "गिरमिट आवडलं त्याला. सगळं विचारून घेतलं, मी सगळं सांगितलं. आता तुझं काम झालं म्हणून समज." मीही हसले. खूप दिवसांनी आम्ही तिघांनी पोटभर जेवण केलं, मुलीनं तर नव्या घरातली खिडकीजवळची जागा आपल्यासाठी ठरवूनही टाकली.

यादी लागली. माझं नाव नव्हतं. मी दोनदा वाचली, मग दुसऱ्या बाईला वाचायला लावली. शेवटी खिडकीशी गेले. आतल्या कारकुनानं फाइल काढली, पानं उलटली आणि म्हणाला, "तुमचं स्वतःचं घर आहे की."

"कुठं?"

"नवनगरात. दोन मजली, पक्कं."

मी त्याला समजावलं. ते माझ्या दिराचं घर, माझा त्याच्याशी संबंध नाही, मी तिथं सणालासुद्धा जात नाही. तो शांतपणे म्हणाला, "अवर हेळ्यारल्री." तुमच्याच माणसानं सांगितलंय ना. त्यानं मला वाचून दाखवलं. घरातल्या कर्त्या वृद्ध गृहस्थांनी सांगितलं की कुटुंबाचं नवनगरात दोन मजली घर आहे, देवाच्या कृपेनं कशाची कमतरता नाही, नातीच्या शिक्षणापुरते इथं राहतो. पाहणीच्या माणसाचा तरी काय दोष? कोट घातलेला म्हातारा गिरमिट खाऊ घालून जे सांगतो ते तो खोटं कशाला मानेल?

मी घरी आले आणि ओरडले. दार लावायचंही भान नव्हतं, सगळ्या गल्लीनं ऐकलं. कशाची कमतरता नाही काय? मग मी दिवसभर भाकऱ्या कसल्या बडवते, हौस म्हणून? मुलगी मध्ये पडली, तिलाही बोलले. मला त्याचा पश्चात्ताप वगैरे नाही. त्या दिवशी ओरडले नसते तर फुटले असते.

अप्पा खुर्चीत बसून ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "दारात आलेल्या माणसासमोर नाही-नाही म्हणून रडायचं काय?"

हे समजायला अप्पांचा धंदा समजायला हवा. कमरीपेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. ते बसत आलं होतं, फळ्यांवर माल कमी आणि धूळ जास्त होती, तेव्हासुद्धा कुणी कसं काय विचारलं की अप्पा म्हणायचे, जोरात! दुकानदार रडला की बाजार त्याला गिळतो. माल देणारा हात आखडतो, ज्याचं देणं आहे तो दारात येऊन बसतो. आयुष्यभर ज्या वाक्यानं पोट भरलं ते वाक्य त्या दिवशी सरकारी माणसासमोर आपोआप बाहेर पडलं. मला हे तेव्हाही कळत होतं. कळून राग कमी होतो असं थोडंच आहे?

कारकुनानं एक वाट सांगितली होती. दिरानं लिहून द्यायचं की घर फक्त त्याचं आहे, वडिलांचा आणि वहिनीचा त्यात हक्क नाही. मग अर्ज पुढच्या यादीसाठी परत बघतील. मी नवनगरला गेले. दिरानं चहा दिला, पंखा लावला आणि म्हणाला, "बघू की वहिनी." पुढच्या वेळी म्हणाला, वकिलाला विचारतो. त्याच्या पुढच्या वेळी जाऊबाईच दाराशी आल्या. तो का लिहून देत नव्हता ते मला ठाऊक होतं. दुकान विकलं तेव्हा आलेला पैसा त्या घराच्या पायात गेलाय. अप्पांचा हक्क नाही असं कागदावर लिहायचं, तर मग अप्पांचा पैसा कुठं गेला हेही कुणीतरी विचारणार. त्यानं ना आम्हाला घरात घेतलं, ना घराबाहेर असल्याचं लिहून दिलं.

उन्हाळ्याची सुट्टी आली. मुलीनं स्वतःच कॉलेजात विचारून सरकारी वसतिगृहात नंबर लावला होता. तो लागला. मला सांगताना ती इतकी जपून बोलत होती की मीच तिला म्हटलं, चांगलं झालं गं. मला खानावळीच्या मागच्या खोलीत दोन बायकांबरोबर अंथरूण टाकायला जागा मिळाली. अप्पांना तिथं कुठं नेणार? दिराला फोन केला. तो लगेच म्हणाला, अप्पांना घेऊन जातो. हे "लगेच" मला बरंही वाटलं आणि लागलंही. म्हणजे जागा होती तर.

रविवारी तो गाडी घेऊन आला. अप्पा सकाळीच तयार होऊन बसले होते. आम्ही सामान बांधत होतो ते बघत होते, मध्ये मध्ये सूचना करत होते. गाडीची डिकी उघडल्यावर त्यांनी आधी आपली पिशवी ठेवली नाही. माझा पोळपाट-लाटणं बांधलेला डबा ठेवला. मग मुलीच्या पुस्तकांचं खोकं उचलायला वाकले. "तू पुढं बस," तिला म्हणाले, "तुला मागं बसलं की मळमळतं."

तेव्हा मला कळलं. म्हातारा फुशारकी मारत नव्हता. पाहणीच्या माणसाला त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या लेखी खरंच होतं. धाकट्याचं घर म्हणजे आपलं घर, नातीच्या शिक्षणासाठी इथं राहतो, वेळ आली की सगळे तिकडे जाणार. वेळ आली होती आणि ते सामान भरत होते.

दिरानं खोकं त्यांच्या हातातून घेतलं आणि खाली ठेवलं. "अप्पा, तुम्ही एकटेच चला. वरचा मजला भाड्यानं दिलाय."

अप्पा त्याच्याकडे बघत राहिले. गल्लीत मालकीणबाई उभ्या होत्या, शेजारपाजारचे होते. मी डिकीतून माझा डबा काढून घेतला. मला वाटलं आता म्हातारा जायचं नाही म्हणेल, आणि त्यांनी तसं म्हटलं असतं तर मी काय केलं असतं देव जाणे. ते गाडीत बसले. काच खाली करून मला विचारलं, "तू मागून येतेस काय?"

"येते मागून," मी म्हटलं.

रडू तेव्हा आलं नाही. गाडी वळल्यावर आलं ते मुलीलाच आवरावं लागलं.

आता त्या घरात दहा खाटा आहेत. खानावळीतून सुटले की संध्याकाळचा स्वयंपाक तिथं मीच करते. मालकीणबाईंनी विचारलं, पैसे बरे देतात, मी नाही कशाला म्हणू? ओटा तोच आहे. मुलं चांगली आहेत, ताटं धुऊन ठेवतात. माझी मुलगी जिथं अभ्यासाला बसायची तिथं आता कुणीतरी चादर ओढून झोपलेलं असतं, तिकडे मी बघत नाही.

भाकऱ्या करत असताना अप्पांचा फोन येतो, रोज. इकडच्या मुलांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारतात, "निघालीस काय?" सुरुवातीला मला वाटलं, म्हाताऱ्याला विसर पडायला लागला. मुलगी एकदा नवनगरला भेटून आली तेव्हा तिनं सांगितलं, "आई, अज्जा विसरला-बिसरला नाही. काका-काकू हॉलमध्ये टीव्ही बघायला बसले की तो मधोमध खुर्ची टाकून बसतो, आणि मगच तुला फोन लावतो."

काल विचारत होते, "वरची खोली झाडून ठेवायला सांगू काय?"

"सांगा अप्पा," मी म्हटलं. "निघालेच." आणि फोन खांद्याशी धरून पुढची भाकरी तव्यावर टाकली.