पिकलेल्या टमाट्यांचा क्रेट

रिठदच्या अंजनाबाई गाडी कशी चालवतात, हे त्यांच्या मागे अडकलेल्या एखाद्या ट्रकवाल्याला विचारावं. टमाट्याला डाग पडला की वाशिमच्या बाजारात गिऱ्हाईक हात लावत नाही, म्हणून नऊ वर्षांत त्यांनी भाजीची पिकअप तिशीच्या वर नेलेली नाही. वय बावन्न. नवरा गुलाबराव पाठीच्या दुखण्यानं घरी बसले आणि स्टेअरिंग यांच्या हाती आलं.

त्या दिवशी मात्र वाशिम नव्हतं, थेट संभाजीनगर होतं, आणि सोबतीला कुणी नव्हतं. तिथं दिलेल्या लेकीला, सुचिताला, सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण तिची सासू कस्तुराबाई अडून बसल्या होत्या. डॉक्टरांनी धक्के टाळा म्हटलेलं, आणि भाड्याच्या गाड्या कशा दणादण हाणतात ते सगळ्यांना माहीत. ‘‘तुमी सोता गाडी घेऊन या, मंग पाहू,’’ एवढंच त्या फोनवर बोलल्या. पाहू म्हणजे नाहीच, असं अंजनाबाईंनी धरलं होतं. तरी उजाडताच निघाल्या.

विहिणीकडे रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून शेजारच्या सीटवर टमाट्यांचा क्रेट घेतला होता. मेहकरला चहा पिताना त्यांचं लक्ष क्रेटकडे गेलं आणि चूक ध्यानात आली. लांब न्यायचा माल जरा कच्चा, गुलाबी असतानाच तोडायचा असतो. यांनी सवयीनं वाशिमसाठी तोडतात तसा लालभडक तोडला होता. असा माल दोनशे किलोमीटर टिकत नाही. आता विहीणबाई क्रेट उघडणार, आत चटणी झालेली पाहणार, आणि लेकीला न्यायची गोष्ट तिथंच संपणार.

मग त्यांनी गाडी आणखी हळू केली. सिंदखेडराजापर्यंत खांदे भरून आले, जालन्यात उजवा पाय बधिर झाला. प्रत्येक स्पीडब्रेकरला क्लच, ब्रेक, परत पहिला गिअर. मागचे हॉर्न वाजवून दमायचे आणि शिव्या देत पुढे जायचे. दुपारी गुलाबरावांचा फोन आला, तेव्हा लिंबाखाली गाडी लावून त्यांनी सरळ सांगितलं की आता परत फिरावंसं वाटतंय. सांगता सांगता रडल्याही. मग तोंडावर पाणी मारलं आणि निघाल्या.

पाच तासांच्या रस्त्याला अकरा तास लागले. विहिणीच्या दारात उतरताना गुडघे वळेनात. लेक धावत आली, तर तिला जवळ घ्यायचंही त्राण नव्हतं. कस्तुराबाईंनी क्रेट ओट्यावर घेतला आणि एकेक टमाटा काढून परातीत ठेवू लागल्या. वरचे शाबूत होते. मधलेही शाबूत होते. अगदी तळाचे दोन फुटले होते.

‘‘दोन गेले, ताई,’’ अंजनाबाई स्वतःच म्हणाल्या. लपवण्याइतकाही जीव उरला नव्हता.

कस्तुराबाई मूळच्या कारंजाच्या, बोलायला रोखठोक. त्यांनी फुटलेले दोन बाजूला ठेवले आणि पदराला हात पुसले.

‘‘मंग? सुचिता का तळाशी बसनार हाये? उद्या आराम करा. परवा घेऊन जा तिले.’’

अंजनाबाई तिथंच भिंतीला टेकून बसल्या आणि सुचिताचा हात धरून डोळे मिटले. परत जाताना तेच सगळे स्पीडब्रेकर लागणार होते, आणि आता त्यांना ते एकूण एक पाठ होते.