इडवलचा जांभळा पाय

लोकर कातरणीच्या दिवशी गेथिन पॅरीने थोरल्या भावाच्या अंगावर लाकडी फाटक फेकलं आणि ते नेमकं त्याच्या सुजक्या पायावर बसलं. इडवलचा डावा पाय कित्येक वर्षं गुडघ्याखाली ओंडक्यासारखा सुजलेला होता. ताणलेली कातडी फुटली आणि पिवळट पाणी बुटात उतरायला लागलं. इडवल ओरडला नाही. त्याने मेंढ्या पकडायची आकडीची काठी उचलली आणि धाकट्याचे पुढचे दोन दात पाडले. मग दोघांनी उरलेल्या मेंढ्या कातरल्या. काम अर्धवट टाकायचं नाही, एवढं एकच त्यांना बापाने नीट शिकवलं होतं.

आमच्या वेल्सच्या डोंगरात मारामाऱ्या सगळेच करतात, पण दारू उतरली की विसरतातही. हे दोघे विसरणाऱ्यांतले नव्हते. इडवलचा मोट नावाचा कुत्रा एकदा शेजाऱ्याच्या गाभण मेंढ्यांमागे लागला आणि त्याने दोन फाडल्या. अशा कुत्र्याला इथे माफी नाही. इडवल बाजाराला गेला होता. तो परत येईपर्यंत गेथिनने मोटला गोळी घालून पुरूनही टाकलं. त्या दिवसापासून थोरला धाकट्याशी बोलला नाही. एका छपराखाली दोन ब्रह्मचारी, आणि बोलायचं ते फ्लॉस कुत्रीशी.

"फ्लॉस, त्या खुन्याला सांग, चहा थंड झालाय."

"फ्लॉस, त्या थेरड्याला सांग, थंडच ढोस."

कुत्री बिचारी दोघांकडे बघून शेपूट हलवायची. गेथिनला मात्र हे आतून खात होतं. भावाने एकदा तोंडावर शिवी घालावी, एवढंच त्याला हवं होतं. ती मिळत नाही म्हणून तो हात उचलायचा.

फुटलेला पाय बरा होईना. नेरिस ही घरोघर फिरणारी नर्स, गेथिनच्या वर्गातली. ती मलमपट्टीला आली आणि इडवलने पायावरचं काळं प्लॅस्टिक सोडल्यावर तिच्या तोंडचं पाणी पळालं. अख्खा पाय जांभळा.

"अरे देवा! सडला की रे हा!" तिने बोटाने चोळून पाहिलं. बोटही जांभळं झालं. "हे काय फासलंयस?"

"फवारा. मेंढ्यांच्या सडक्या खुरांचा. त्यांना उतार पडतो की."

"आणि हे प्लॅस्टिक?"

"चाऱ्याच्या गठ्ठ्यांचं. पाणी गळतं ना."

"मेंढी आहेस का तू? बैल आहेस बैल!" नेरिस कडाडली. "याला जुनाट सुजेच्या क्लिनिकमध्येच पाठवायला हवं. आधी डॉक्टर हृदय तपासतील, पावलात रक्त नीट पोचतंय का बघतील, मग तिकडे चिठ्ठी देतील. ऐकलंस?"

इडवलने काठी फिरवली. तिची बॅग भिंतीवर आदळली, बाटल्या फुटल्या. ते क्लिनिक ज्या हॉस्पिटलात होतं, तिथेच बापाचा पाय कापला होता आणि बाप शवपेटीतून घरी आला होता. "माझा पाय माझ्याबरोबरच पुरायचा," तो म्हणाला. नेरिसने काचा गोळा केल्या, त्याला मनसोक्त शिव्या दिल्या आणि पुढच्या आठवड्यात परत आली. पुन्हा हाकलली गेली, तरी पुन्हा आली.

कापणीच्या सुमाराला एका सकाळी इडवल गोठ्यातल्या पेंढ्यावर कुडकुडत पडलेला सापडला. पाय लालभडक, मांडीपर्यंत तापलेला.

"फ्लॉस, सांग त्याला, गाडीत बस."

इडवलचे दात वाजत होते. "फ्लॉस, सांग त्याला, मोटसारखी गोळी घाल म्हणावं. सवय आहे त्याला."

गेथिनचं डोकं फिरलं. त्याने भावाला कॉलरला धरून उभं केलं आणि जबड्यावर असा ठोसा हाणला की इडवल आडवाच झाला. मग गठ्ठ्यांच्या सुतळीने त्याचे हात बांधले, फरपटत नेऊन मेंढ्यांच्या ट्रेलरमध्ये टाकलं आणि गाडी हाणली. वळणावळणाला मागून धडका ऐकू येत होत्या. थोरला चांगल्या पायाने पत्र्यावर लाथा घालत होता. लाथा ऐकू येत होत्या तोवर गेथिनला धीर होता. हॉस्पिटल दिसू लागलं तेव्हा त्या थांबल्या, आणि तो रडत रडत गाडी चालवू लागला.

सलाइनमधून औषधं गेली, इडवल वाचला. डॉक्टरांनी क्लिनिकला चिठ्ठी दिली. "मी घसा फोडला, आणि तुझ्या एका ठोशाने काम झालं," नेरिस गेथिनला म्हणाली.

क्लिनिकमधल्या बाईंनी थरावर थर पट्ट्या बांधून पायाची सूज उतरवत आणली. मग एक जाड, घट्ट मोजा पुढे ठेवला.

"हा रोज सकाळी चढवायचा. नाही चढवला तर सूज परत, ताप परत, आणि मग पाय वाचवणं आमच्या हातात नाही. तुमचं सुटलेलं पोट आणि हा जुना मोडका खांदा, तुम्हाला वाकता येणार नाही. घरी कोण आहे?"

इडवलने सवयीने खाली पाहिलं. फ्लॉस घरी होती.

शेजारी उभ्या गेथिनने मोजा उचलला आणि भावासमोर गुडघ्यांवर बसला.

"मी आहे," तो म्हणाला. "मी चढवीन, इडवल."

इडवल त्याच्याकडे बघत राहिला. "तू माझा कुत्रा मारलास, भडव्या."

"मारला."

"मला विचारलं नाहीस."

"नाही विचारलं."

इडवलने चांगला पाय मागे घेतला आणि सगळा जोर लावून धाकट्याच्या छातीवर लाथ घातली. गेथिन मागच्या कपाटावर जाऊन आदळला. बाई किंचाळून दाराकडे धावल्या. गेथिन खोकत उठला, मोजा हातातच होता, आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसला.

इडवलने सुजका पाय उचलून त्याच्या मांडीवर ठेवला.