वाकोल्याच्या आत्यांचं पांढरं बटण

पहाटे साताऱ्याहून निघालो ते मुलुंडला एक शर्ट आपली वाट बघतोय, या खात्रीनं. एकाहत्तरच्या लढाईत होमगार्डच्या स्वयंसेवकांनी घातलेले खाकी गणवेश जमवायचा मला नाद आहे. त्यात मुंबईचा एकही नव्हता. मुलुंडच्या दिलीपरावांना फोन केला, तर म्हणाले, "जुनी वर्दी ना? आहे. वडिलांपासून आहे. या."

मुलुंडला त्यांच्या दारात टेम्पो उभा.

"माल कुठाय?" त्यांनी विचारलं.

"कसला माल?"

टेम्पोवाल्यांच्या भाषेत वर्दी म्हणजे ठरलेली भाड्याची फेरी. मी कपड्याबद्दल बोलत होतो, ते भाड्याबद्दल.

"होमगार्डचा शर्ट म्हणा ना सरळ," ते म्हणाले. "तो वाकोल्याच्या आत्याकडे आहे. टेम्पोतली मिरच्यांची पोती तिकडेच टाकायचीत, बसा."

मुलुंड ते वाकोला मी शिंकत गेलो. त्यामुळे वाटेत काय काय लागतं, हे वाचकांनी दुसऱ्या कुणाला विचारावं.

आत्या सत्तरी ओलांडलेल्या, कोकणातल्या. माझे लाल डोळे बघून त्यांनी आधी पाणी दिलं.

"यजमानांचा शर्ट बघायला आलोय," मी म्हणालो.

"ते उंदराला भ्यायचे. शर्ट माझा. आधी घावणे खा." घावणे (तांदळाच्या पिठाचे जाळीदार, मऊ डोसे) आणि नारळाचा रस. मी चार खाल्ले आणि पाचव्याला नको म्हणायला विसरलो.

मग शर्ट आला. कोपरांवर विरलेला, पण खाकी रंग टिकून होता. "ने," आत्या म्हणाल्या. "सुनेला कपाट रिकामं हवंय."

शर्ट हातात आला होता. तिथं गप्प बसलो असतो तर हे वर्णन इथंच संपलं असतं. पण छातीवर तिसरं बटण पांढरं दिसलं.

"हे मूळचं नाही," मी जाणकार आवाजात म्हणालो. "काळजी नको, काढून योग्य ते बसवतो."

आत्यांनी शर्ट माझ्या हातातून परत घेतला.

"वाट लागली तुमची," दिलीपराव पुटपुटले.

"ब्लॅकआउटची रात्र," आत्या शर्टाची घडी घालत म्हणाल्या. "सगळी चाळ काळोखात, आमच्याच खोलीत दिवा. घरच्या कर्त्याचं नाव घेऊन हाक मारायची, असा नियम. कर्ते म्हणजे मामंजी. सून सासऱ्याचं नाव घेते होय? मी घेतलं. मोठ्यानं. दिवा गेला. पण मामंजींनी दार असं आपटलं की माझा शर्ट अडकला नि बटण तुटलं. आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी आपल्या सदऱ्याचं बटण काढून त्यांनी स्वतः शिवलं. जन्मात सुई धरली नव्हती. दोऱ्याचा गुंता बघ."

"काय नाव होतं त्यांचं?" मी विचारलं.

"नाव घ्यायचं ते ड्यूटीवर असतानाच."

मी माफी मागितली. बटणाला हात लावणार नाही, असं शपथेवर सांगितलं.

"तू चांगला आहेस रे," आत्या म्हणाल्या, "पण तुझ्या हाताला खाज आहे." शर्ट कपाटात गेला. मला डब्यात उरलेले घावणे मिळाले.

साताऱ्यात पोचल्यावर बायकोनं विचारलं, "मिळाला का?" मी नाही म्हणालो आणि माझं कपाट उघडलं. अकरा शर्ट, सगळे नीटनेटके, सगळ्यांची बटणं एकसारखी. बरीचशी मीच बदललेली. काढलेल्यांत एक हिरवं होतं, एक शिंपल्याचं, एक चक्क लाकडी. ती कुणी लावली होती, हे मी एकालाही विचारलं नव्हतं.